माथेरानमध्ये घरच्या मालासाठी ई-गाडी हवी की नको?

दस्तुरी_नाका

सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालात माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. गुजरातमधल्या केवडियाच्या (स्टॅच्यू ऑफ युनिटी आहे तिथल्या) धर्तीवर ई-रिक्षा आणा, त्या आधी हातरिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने द्या, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. ९४ परवाने, आणि प्रत्येक रिक्षेला पुढे एक ओढणारा, मागे दोघे ढकलणारे. त्या माणसांच्या खांद्यावरचा भार उतरतोय, याबद्दल इथे कुणाचं दुमत नसावं.

पण हा सगळा विचार माणसांच्या ने-आणीचा झाला. गावात मोटारींना बंदी, म्हणून घरातला सिलिंडर, तांदळाचं पोतं, भाजीचे क्रेट अजून घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा हमालाच्या डोक्यावरूनच येतात. माझं मत असं आहे की घरगुती मालासाठी मोजक्या ई-गाड्यांना, ठरलेल्या वेळेत, परवानगी मिळायला हवी.

किती माल, याचा अंदाज मांडतो. २०११ च्या जनगणनेत गावची लोकसंख्या ४,३९३ आहे, म्हणजे साधारण हजार घरं धरू. चार माणसांच्या घराला महिन्याला भरलेला सिलिंडर ३० किलो (गॅस १४.२ किलो, बाकी टाकीचं वजन), धान्य-डाळ-पीठ ४० किलो, तेल-साखर-मीठ १० किलो, भाजी-फळं ३० किलो, साबण, औषधं, वह्या वगैरे १० किलो. एकूण १२० किलो. हजार घरांचे महिन्याला १२० टन, दिवसाला ४ टन. एका गाडीत ४०० किलो धरले तर दहा फेऱ्या. दस्तुरी नाक्यापासून, म्हणजे बाहेरच्या मोटारी थांबतात तिथून, बाजारापर्यंत जाऊन-येऊन सहाएक किलोमीटर आणि चढ-उतार, भरण्या-उतरवण्यासकट एका फेरीला साधारण पाऊण तास. सकाळी साडेपाच ते साडेआठ या तीन तासांत तीन गाड्या हे काम पुरं करतात. पर्यटकांची वर्दळ सुरू व्हायच्या आत रस्ता मोकळा. मे महिन्यात लोक पावसाळ्याची बेगमी करतात, तेव्हा मालाचा भार बराच वाढतो. तेवढा महिनाभर संध्याकाळी आणखी एक पाळी लागेल.

विरोध असेल तर कारणासकट मांडा.

घोडेवाट

विरोध आहे. तुमचा हिशोब मालाचा आहे, मी घोड्याचा मांडतो.

तीनशे किलोच्या घोड्याला रोज पाच-सहा किलो सुका चारा आणि दोन-तीन किलो भुसा-हरभरा लागतो. नाल चार ते सहा आठवड्यांनी बदलावी लागते. हा खर्च काम असो-नसो चालूच राहतो. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि पावसातले शनिवार-रविवार सोडले तर पर्यटकांची सवारी बेभरवशाची. मालाचे घोडे टिकतात ते घरांच्या आणि दुकानांच्या नियमित फेऱ्यांवर. तीन गाड्या सकाळी तो माल उचलून घेऊन गेल्या तर मालवाल्याकडे उरेल काय? तो दस्तुरीवर पर्यटकांच्या मागे धावेल. तिथे आधीच काय चाललंय ते मार्च २०२५ मध्ये दिसलं. पर्यटकांची फसवणूक होते या तक्रारींवरून गावाने बंद पाळला होता. तिथली गर्दी आणखी वाढवायची आहे का?

दुसरं, घोड्यावर क्रूरता होते म्हणून गाडी आणा, असं कुणी म्हणण्याआधी नियम सांगतो. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. तट्टाच्या पाठीवर ७० किलोपर्यंत भार, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांनंतर विश्रांती, आणि तापमान ३७ अंशांवर गेलं तर दुपारी १२ ते ३ काम बंद. दोन भरलेले सिलिंडर ६० किलोचे होतात, खोगिराचं वजन धरलं तरी नियमाच्या आसपास बसतात. चार लादले तर १२० किलो होतात, तो सरळ गुन्हा आहे. जिथे चार लादले जातात तिथे दंड करा, मी तुमच्याबरोबर आहे. वजनकाटा दस्तुरीवर ठेवा. पण नियमात काम करणाऱ्याचं पोट काढून घेऊ नका.

खडी_मुरूम

गाडी किती आणि कोणाची, त्याआधी ती चालणार कशावर ते बघा. निकालात पेव्हर ब्लॉकला (रस्त्यावर बसवायच्या ठोकळ्यांना) परवानगी आहे ती दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत. आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे मालगाडी पुतळ्याच्या पुढे जाऊच शकत नाही. वरच्या मूळ पोस्टमध्ये 'घरच्या मालासाठी' असं लिहिलंय, पण घराच्या दारापर्यंत ही गाडी पोचणारच नाही.

आता त्या तीन किलोमीटरबद्दल. माथेरानचा माथा जांभ्याचा, खाली काळा पाषाण. जांभ्याची माती पाणी पिते तोवर ठीक, भरली की वाहायला लागते. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस. मातीच्या रस्त्यावर मधोमध चर पडतो तो चाकामुळे नाही, पाण्याला बाजूला जायला वाट नसते म्हणून. ब्लॉक बसवले तरी पाण्याची सोय नसेल तर तेच घडतं, फक्त झाकलेलं राहतं. पाणी सांध्यांतून आत जातं, खालची वाळू उताराने वाहून नेते, आणि ब्लॉक वरून जागेवर दिसतात पण खाली पोकळी असते. त्यावरून टनभर भाराचं चाक गेलं की चार-पाच ब्लॉक एकदम खचतात.

काम नीट करायचं तर क्रम असा:

आधी डोंगराच्या बाजूने पक्कं गटार आणि दर ठरावीक अंतरावर रस्त्याखालून आडवी मोरी, जिथून पाणी दरीकडे जाईल. मोरीच्या तोंडाशी दगडी जाळी, म्हणजे पडणारं पाणी उतार कापत नाही. मग मुरूम काढून खडीचा थर, तो पाणी मारून रोलरने दाबायचा. मोठा रोलर वर येणार नाही, त्यामुळे छोट्या कंपन-रोलरने १०-१० सेंटिमीटरचे थर दाबावे लागतात. एकदम जाड थर टाकून वरवर दाबला की पहिल्याच पावसात बसतो. त्यावर २५ ते ४० मिलिमीटर भरड वाळू. वाळू जास्त घातली की ब्लॉक हलतात. मग ब्लॉक. काँक्रीटचे असतील तर भारतीय मानकात हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर, मध्यमला ८० मिलिमीटर जाडी आणि एम-४० प्रत (काँक्रीटच्या ताकदीची) आहे. मालगाडी येणार असेल तर ८० च घ्या. भाजलेल्या मातीचे असतील तर पाणी शोषण्याची चाचणी माल उतरवतानाच करा. चढावर मांडणी तिरकी, एकमेकांत अडकणारी. सरळ ओळी चढावर खाली सरकतात. दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी, आणि तीव्र चढावर अधूनमधून आडवी तुळई. कड सुटली की सगळं सुटतं. आडवा उतार दोन ते अडीच टक्के.

एवढं होईपर्यंत मालगाडीला माझा विरोध. प्रवासी गाडी चार माणसांची, तिचा भार रस्ता कसाबसा सोसेल. मालगाडी रोज पहाटे ओल्या रस्त्यावर भरून येणार, ते वेगळं प्रकरण आहे.

दस्तुरी_नाका

@खडी_मुरूम, मोरी आणि गटार आधी हे मान्य. पुतळ्यापुढचा मुद्दाही मान्य, आणि तोच @घोडेवाट यांच्या प्रश्नाचं उत्तर होऊ शकतो. गाडी पुतळ्यापर्यंत. तिथून पुढच्या सगळ्या गल्ल्या घोड्याच्या आणि हातगाडीच्या. आज घोडा तीन किलोमीटर चढतो आणि मग गल्लीत शिरतो. उद्या त्याच वेळात तो गल्लीतल्या दुप्पट-तिप्पट फेऱ्या करील. दर फेरीला कमी, पण फेऱ्या जास्त.

घोडेवाट

कागदावर ठीक दिसतं. फेरी छोटी झाली की गिऱ्हाईक म्हणणार, 'एवढंसं अंतर, मीच नेतो.' वीस किलोचं पोतं घरातला तरुण पोरगा उचलून नेईल. तीन किलोमीटर तो उचलणार नाही, तीनशे मीटर उचलेल. तुम्ही म्हणता तशा दुप्पट फेऱ्या कधीच होणार नाहीत.

आणि ब्लॉकवर घोडा घसरतो, हे कुणी लिहिलंच नाही. लोखंडी नाल, वर ओला ब्लॉक, त्यावर शेवाळ. मातीत खूर रुततो, इथे सरकतो. उतरताना पुढच्या पायावर भार येतो तेव्हा सगळ्यात धोका. ब्लॉक करायचेच असतील तर एका कडेला दीड ते दोन मीटर मातीची पट्टी घोड्यांसाठी सोडा, आणि तिच्यावर हातगाड्या उभ्या राहू देऊ नका.

पिसरनाथ_परिसर

तुम्ही सगळे तांदूळ-डाळीत अडकलात. माथेरानमध्ये खरं वजन बांधकामाच्या मालाचं आहे.

एक ब्रास वाळू म्हणजे १०० घनफूट, साडेचार टनांच्या आसपास. पन्नास पोती सिमेंट म्हणजे अडीच टन. शिवाय सळ्या, टाइल्स, फरशी, पत्रे. एक साधी खोली वाढवायची तर पंधरा-वीस टन माल वर चढवावा लागतो. आज तो चढवायला जो खर्च येतो तो कित्येकदा मालाच्या किमतीशी स्पर्धा करतो, म्हणून जो-तो विचार करून बांधतो. ४ फेब्रुवारी २००३ ची पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना आहे, तिने २१४.७३ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि त्याभोवती २०० मीटरचा पट्टा राखलाय, गावात रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी सोडून मोटारींना बंदी आहे. पण रोजच्या व्यवहारात बांधकामाला लगाम घालणारी गोष्ट कोणती, तर वाहतुकीचा खर्च. तो उतरला की लगाम सुटला.

आज परवाना 'घरगुती माल' असा निघेल. वर्षभरात 'दुरुस्तीसाठी दहा पोती' त्यात येतील, कारण पावसाळ्याआधी दुरुस्ती प्रत्येकालाच करायची असते आणि ती मागणी रास्तही असेल. मग दहाची पन्नास कधी झाली हे पहाटे साडेपाचला मोजणार कोण?

१८५० मध्ये ठाण्याच्या कलेक्टर मॅलेटने हे पठार हवापालटासाठी निवडलं तेव्हापासून इथली झाडी वाचली ती इथे माल पोचणं कठीण होतं म्हणून. हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

चूल_चौकट

@पिसरनाथ_परिसर, तुमचा मुद्दा मोठा आहे, पण त्या लगामाची किंमत कोण भरतं ते बघा. हॉटेलवाला वाहतूक खोलीच्या भाड्यात घालतो. दुकानदार किलोमागे दर चढवतो. शेवटी ती रक्कम पडते ती पगारावर किंवा मजुरीवर चालणाऱ्या घरावर, रोजच्या दूध-भाजीत. जंगल राखायचं काम त्या घराच्या किराणा बिलावर टाकणं मला पटत नाही. जंगल राखायला बांधकाम परवानगी आहे, नगरपरिषद आहे, देखरेख समिती आहे. त्यांनी ते काम करावं.

'बेगमी करून ठेवा की' असं इथे कुणीतरी म्हणेलच, म्हणून तेही लिहिते. माथेरानच्या पावसाळ्यात चार महिन्यांचं सगळं साठवता येत नाही. तांदूळ जुना, चांगला वाळलेला असेल तर टिकतो. मे महिन्याच्या उन्हात एक दिवस पसरून, पूर्ण गार झाल्यावर एरंडेल चोळून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. गरम असताना भरला की डब्यात आतून घाम धरतो आणि जाळी होते. डबा भिंतीला टेकवायचा नाही, फरशीवर ठेवायचा नाही, चार बोटं उंच फळीवर. डाळीचंही तसंच. पण पीठ? गव्हाचं पीठ धुक्याच्या दिवसांत दहा-पंधरा दिवसांत कडू लागतं, बेसन त्याहून लवकर. रवा आठवड्याभरात ओला होतो. कांद्याला कोंब फुटतात, लसूण काळी पडते, मीठ पाझरतं. मसाले भाजून ठेवले तरी महिन्याने वास बदलतो. म्हणजे निम्मा किराणा जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला आणावाच लागतो, आणि नेमकी तेव्हाच वाहतूक सगळ्यात अवघड. पोतं प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तरी घोड्याच्या घामाने आणि पावसाने तोंडाशी भिजतं. वरचे दोन किलो धान्य बाजूला काढून आधी वापरायचं, नाहीतर सगळ्याला बुरशी.

गॅसचंही असंच. कपडे वाळत नाहीत, घरात ओल, अंघोळीला गरम पाणी रोज. पावसाळ्यात सिलिंडर पंचवीस दिवसही पुरत नाही. त्यामुळे वर हिशोबात महिन्याला एक धरलाय तो कमी आहे.

आणि एक माल तुमच्या कुणाच्याच यादीत नाही. खालच्या वाड्यांतल्या ठाकर-कातकरी बायका डोक्यावर भाजी, रानमेवा, लाकडाच्या मोळ्या घेऊन चढून येतात. न्यायालयाने ई-रिक्षा वाटताना आदिवासी स्त्रियांचाही विचार करा असं म्हटलंय. मालाच्या गाड्या आल्याच तर निदान एक त्यांच्या गटाच्या ताब्यात असावी, हे लिहून घ्या.

नॅरोगेज_१९०७

ई-गाडी कशाला, रेल्वे आहे ना! नेरळ-माथेरान गाडी १९०७ पासून आहे. नेरळ ते अमन लॉज हा टप्पा पावसाळ्यात बंद असतो, पण अमन लॉज ते माथेरान शटल चालते आणि तिच्या गाडीत सामानाची जागा असलेले दोन डबे असतात. अमन लॉज दस्तुरीला लागून, माथेरान स्टेशन बाजारात. एवढी सरळ जोडणी दुसरी कुठली?

पहिल्या प्रवासी शटलआधी एक फक्त मालाची फेरी. चाकांचे लोखंडी पिंजरे करून त्यात दस्तुरीवरच माल भरायचा, म्हणजे डब्याशी गोणी-गोणी हाताळण्यात वेळ जात नाही. रस्त्यावर भार शून्य, @खडी_मुरूम यांची चिंता मिटली. आणि काय चढतंय त्याची पावती रेल्वेकडे, त्यामुळे वाळू-सिमेंटचा @पिसरनाथ_परिसर यांचा प्रश्नही सुटतो.

खडी_मुरूम

सिलिंडरचं काय? प्रवासी गाडीत गॅस सिलिंडर नेता येत नाही, आणि घरच्या मालातला तोच सगळ्यात जड आणि अडचणीचा. स्वतंत्र मालफेरीत न्यायचा तर वेगळा डबा, वेगळी परवानगी. शिवाय मोठा पाऊस झाला की शटलही थांबते. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेला, तो नेरळपासूनचा मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. किराण्यासाठी रेल्वे उत्तम, मी पाठिंबा देतो. पण एकट्या तिच्यावर गाव ठेवू नका.

बॅटरी_४८

गाडीबद्दल नेमकं लिहितो, कारण दोन्ही बाजूंनी गृहीत धरलंय की कुठलीही ई-रिक्षा माल ओढेल.

नियमानुसार साधी ई-रिक्षा म्हणजे चार प्रवासी, ४० किलो सामान, ताशी २५ किलोमीटरची मर्यादा. तिची आसनं काढून माल भरणं हा गैरवापर आहे. शहरी सपाट रस्त्यावरच्या गाड्यांना एक-दीड किलोवॉटची मोटर असते. आता भरलेली मालगाडी एक टन धरा, दहा टक्के चढ, वेग ताशी १० किलोमीटर. फक्त चढायला पावणेतीन किलोवॉट, रस्त्याच्या घर्षणाला आणखी अर्धा, गिअर आणि मोटरची गळती धरून बॅटरीतून चार किलोवॉट. दीड किलोवॉटची मोटर एवढा ताण घेते तेव्हा वेग तीन-चारवर येतो, कंट्रोलर तापतो आणि चढावरच गाडी बंद पडते. मागची गाडी थांबते, घोडे बुजतात.

उतारावर त्याहून वाईट. ओले ड्रम ब्रेक पहिल्या दोन दाबांत पकडत नाहीत. मोटरनेच वेग रोखण्याची सोय असलेली गाडीच घ्यावी, आणि बॅटरी पूर्ण भरून उतार सुरू करू नये, कारण भरलेली बॅटरी परतीची वीज घेत नाही आणि तो ब्रेक नेमका तेव्हाच सुटतो. खाली उतरताना रिकामे सिलिंडर आणि सुका कचरा न्यावा, भार कमी राहतो.

लेड-ॲसिडच्या चार बॅटऱ्या स्वस्त, पण दर आठवड्याला पाणी बघावं लागतं आणि धुक्यात टर्मिनलवर हिरवट थर चढतो. लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी घ्या, जोडण्या जलरोधक हव्यात. चार्जिंगची जागा जमिनीपासून वर, पक्क्या छपराखाली.

सिलिंडर उघड्या बाजूच्या पिंजऱ्यात, उभे, साखळीने बांधून. पुतळ्याजवळ उतरवून ठेवायचे असतील तर परवान्याशिवाय १०० किलो गॅसपर्यंतच साठवता येतो, म्हणजे घरगुती सात सिलिंडर. आठवा ठेवला की परवाना हवा.

पिसरनाथ_परिसर

@चूल_चौकट, किराण्याच्या बिलाबद्दल तुम्ही लिहिलं ते मी नाकारत नाही. पण देखरेख आणि परवानगीवर तुमचा जेवढा विश्वास आहे तेवढा माझा नाही. रेल्वेच्या मालफेरीला माझी हरकत नाही, पावती असते म्हणून. रस्त्यावरच्या मालगाडीला आहे आणि राहील. फार तर सिलिंडर, औषधं आणि दूध एवढ्याच तीन वस्तूंची एक गाडी, उघडी, आतलं सगळ्यांना दिसेल अशी. किराणा रुळावरून.

चूल_चौकट

एक गाडी बिघडली तर त्या दिवशी सिलिंडर कोण आणणार? किमान दोन लागतील.

घोडेवाट

त्या दिवशी घोडाच आणणार. म्हणून सांगतोय, मालाच्या घोड्यांना महिन्याची ठरलेली रक्कम देऊन करारावर ठेवा. गाडी बंद, रूळ बंद, दरड आली, अशा प्रत्येक दिवशी गाव त्यांच्यावरच चालणार आहे. ते फक्त अडीअडचणीला हवे असतील तर त्यांच्या बारा महिन्यांच्या चाऱ्याचा खर्चही गावाने उचलायला हवा. गाड्यांच्या भाड्यातून तो कसा निघेल, याचा आकडा @दस्तुरी_नाका यांनी मांडावा, मग पुढचं बोलू.